सौंसरच्या अंगणातलं इंग्रजी

पांढुर्णा स्टेशन मी चुकवलं. नागपूरहून निघालेली पॅसेंजर तिथे चांगली थांबली होती, माणसं उतरली, चढली, संत्र्यांच्या पेट्यांचा वास खिडकीतून आत आला. मी मात्र कानात इयरफोन घालून बसले होते. शेजारच्या बाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा गाडी तिगावला उभी होती.

“कुठं उतरून राहिल्या, बाई?”

“पांढुर्ण्याला.”

“थे तं मागं गेलं न! मले वाटलं तुमी झोपल्या. उतरा, उतरा लवकर!”

उतरले. तिगावचं स्टेशन लहान. बाहेर एक ऑटो खताची पोती घेऊन पांढुर्ण्यालाच निघाला होता. पोत्यांच्या बाजूला मी मावले. रस्त्यावरच्या पाट्या हिंदी, ऑटोवाल्याचं बोलणं मराठी. मी त्याला हिंदीत विचारत होते आणि तो मला मराठीत उत्तर देत होता. शेवटी तोच म्हणाला, “मराठीतच बोला न जी. कायले तरास करून राहिल्या?”

इयरफोनमध्ये काय ऐकत होते ते सांगायला हवं, कारण त्यासाठीच मी आले होते. पुण्यात मी इंग्रजीच्या शिक्षकांना शिकवते. एका कंपनीच्या मोबाइल ॲपशी रोज बोललं तर माणसाचं इंग्रजी सुधारतं का, हे आमच्या गटाने तपासायला घेतलं होतं. ॲप इंग्रजीत प्रश्न विचारतं, शिकणारा तोंडी उत्तर देतो, ॲप चुका दाखवतं आणि उत्तर जमलं की हिरवी खूण देतं. मध्य प्रदेशातली पांढुर्णा आणि सौंसर ही गावं आम्ही मुद्दाम निवडली. इथे घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, आणि इंग्रजीचा नंबर तिसरा.

या सगळ्या शिकणाऱ्यांत सौंसरची साधना नावाची मुलगी फार पुढे होती. रोजचा सराव, सगळीकडे हिरव्या खुणा. पण आमचा प्रसाद, जो संगणकाची बाजू सांभाळतो, त्याला रेकॉर्डिंगमध्ये मागे कुजबुज सापडली. “मॅडम, कोणीतरी तिला उत्तरं सांगतंय. सरळ फसवणूक आहे. हिला यादीतून काढू,” तो म्हणाला. मी म्हटलं, आधी बघून येते. गाडीत मी तिचीच रेकॉर्डिंग ऐकत होते.

पांढुर्ण्यात आमचं ॲप वापरणारा कळंबे सरांचा इंग्रजीचा क्लास एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आहे. सर पन्नाशीचे, बारीक, बोलण्यात तरतरीत. त्यांनी आधी मला खाली नेऊन आलूबोंडा खायला घातला, वरून तर्री. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा समाधानाने म्हणाले, “आता तुमी पांढुर्ण्यात आल्या.”

वर वर्गात पोरं भिंतीकडे तोंड करून बसली होती, प्रत्येकाच्या कानात इयरफोन. सगळे एकाच वेळी मोठमोठ्याने इंग्रजी बोलत होते आणि कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. आमच्या ॲपच्या सूचनेत पहिलंच वाक्य आहे: शांत जागी एकटे बसा.

“ही मुलं घरी का करत नाहीत सराव?” मी विचारलं.

“घरी केला तं आजी विचारते, कोणाशी भांडून राहिला बाप्पा? आणि मुलींचं तं विचारूच नका. दार लावून पोट्टी फोनवर इंग्रजीत बोलून राहिली, म्हणलं का झालं! साऱ्या गल्लीले खबर.”

“मग मुली करतात तरी कुठे?”

“अंगणात. सगळ्यांच्या समोर. मतलब कोणाले शंकाच नको.”

हे आम्हाला पुण्यात बसून सुचलं नव्हतं. मी ते टिपून घेतलं आणि सौंसरची बस धरली.

पांढुर्णा ते सौंसर रस्ता संत्र्याच्या बागांमधून जातो. तोडणीचे दिवस होते. बांधावर संत्र्यांचे ढीग, त्यावर गवत, बाजूला ट्रक. मधे कापसाची शेतं, आणि उत्तरेला सातपुड्याच्या बुटक्या रांगा, ज्यांना डोंगर म्हणायला पुण्याचा माणूस जरा कचरेल. कंडक्टरने माझ्या बॅगेचंही तिकीट मागितलं. मी कारण विचारलं तर म्हणाला, “सीटवर बसून राहिली न थे.” बॅग मांडीवर घेतली.

साधनाचं घर बसस्टँडपासून चालण्याच्या अंतरावर. शेणाने सारवलेलं अंगण, कडेला एक लिंबाचं झाड. चार बाया गोल करून फल्ली (भुईमुगाच्या शेंगा) फोडत बसल्या होत्या आणि मधे उलट्या टोपल्यावर फोन उभा केलेला होता.

“जय भीम, मॅडम. बसा. आमचा क्लास चालू हून राहिला,” त्यांतली सगळ्यात ठसठशीत बाई म्हणाली. या कमलमावशी, शेजारच्या. अंगणवाडीत काम करतात. दुसरी साधनाची आई, जिची नजर अधू झाली आहे. तिसरी वहिनी. चौथी साधना, कॉलेज संपवलेली, सडपातळ, माझ्याकडे बघून ओढणी नीट करणारी.

मी म्हटलं, चालू द्या, मी नुसती बघते.

फोनने विचारलं, तुम्ही सोडवलेल्या एखाद्या अडचणीबद्दल सांगा. साधना म्हणाली, “वन डे, माय मदर...” आणि थांबली. लगेच कमलमावशींनी शेंग फोडता फोडता हळूच टाकलं, “सिक.” साधना म्हणाली, “माय मदर वॉज सिक. आय...” वहिनीने पुरवलं, “हॉस्पिटल.” असं करत उत्तर पूर्ण झालं. हिरवी खूण आली. आईला ती दिसत नव्हती, पण आवाज ओळखीचा होता. “झालं नं? पुढचा लाव,” ती म्हणाली.

कुजबुजीचं कोडं सुटलं. लपवाछपवी तर अजिबात नव्हती. एकीने पापड लाटावा आणि दुसरीने उन्हात टाकावा, तसं या चौघी मिळून एक वाक्य करत होत्या.

मग साधनाने सांगितलं, परवा तिची मुलाखत आहे. बोरगावच्या एका कारखान्याचं ऑफिस, बाहेरच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं काम, मुलाखत इंग्रजीत. “हे नाही झालं तं नागपूरले मामाकडं राहून दुकानात काम करावं लागते, मॅडम. बाबा ट्रकवर असते, महिना महिना येत नाही. वहिनी काही दिवसांनी दादाकडं राहायले जाईन. बोरगाव असलं तं मी संध्याकाळी आईजवळ येते.”

आई शेंगा चाचपत राहिली.

मी साधनाला फोन घेऊन आतल्या खोलीत बसवलं. एकटीला. फोनने प्रश्न विचारला. ती गप्प. फोन म्हणाला, ठीक आहे, पुढे जाऊ. दुसरा प्रश्न. पुन्हा गप्प, पुन्हा पुढे. तिसऱ्याला तिने तोंड उघडलं तेवढ्यात अंगणातून कमलमावशी ओरडल्या, “टीमवर्क! टीमवर्क म्हण वं!”

बाहेर येऊन मी सरळ सांगितलं. असल्या गोष्टी गोड करून सांगण्यात वेळ जातो. “साधना, या खुणा तुझ्या एकटीच्या नाहीत. परवा तिथे या तिघी नसतील.”

“परवा मुलाखत हाय आन आज सांगून राहिल्या?” साधना म्हणाली.

कमलमावशींनी सूप खाली ठेवलं. “मंग आमी काय चोरी करून राहिलो का? थे तुमचं मशीन थांबतच नाही न जी! पोरगी सोचते, वाक्य बनवते, तेवढ्यात थे पुढं पयते. म्हणून आमी शब्द टाकतो मधी. नाही टाकला तं लाल खूण.”

मी घड्याळ लावून पाहिलं. बाई बरोबर बोलत होती. प्रश्न संपल्यावर ॲप जेमतेम एक श्वास थांबायचं. आणि साधनाची रीत अशी की ती तुकड्यातुकड्याने बोलतच नाही. आधी अख्खं वाक्य मनात जुळवते, मग एकदम बाहेर काढते. वाक्य जुळेपर्यंत ॲप निघून गेलेलं असायचं.

प्रसादला फोन लावला. “थांबायची वेळ वाढवता येईल?”

“ते कंपनीच्या हातात आहे, मॅडम. ॲप गप्प बसलं की लोक बंद करतात म्हणे.”

“कुठले लोक?”

“असतील शहरातले,” तो म्हणाला.

मग फोन टोपल्याखाली ठेवला आणि प्रश्न मी विचारायला घेतले. अट एकच, बाकीच्यांनी बोलायचं नाही. ही अट पहिल्याच प्रश्नाला मोडली. वहिनीने हसत उपाय काढला आणि वाटीभर फुटाणे आणले. तिघींनी गाल भरून घेतले. साधना अडकली की कमलमावशींचे डोळे मोठे होत, मान पुढे येई, पण तोंडातून फक्त कुरुमकुरुम. साधनाला हसू फुटलं. हसल्यावर तिने पहिलं वाक्य एकटीने पूर्ण केलं.

मला मात्र थांबणं जड गेलं. इतकी वर्षं शिकवते, पण समोरचा गप्प झाला की मदतीला धावायची सवय माझीही आहे. मी लिंबाच्या झाडाकडे बघत बसले. गप्प बसण्याचा तो वेळ आधी लांबलचक वाटायचा. मग कळलं, तो संपला की तिच्याकडून येणारं वाक्य बरंच बरं असतं.

रात्री मी त्यांच्याकडेच राहिले. जेवायला पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा होता, वर भरपूर सांबार (कोथिंबीर). आईने चाचपत माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकली आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलली. “थे लोक थांबतीन का, बाई?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी रामाकोन्याला गेले. तिथल्या दोघांनी ॲप मध्येच सोडलं होतं. आमच्याकडे त्यांच्या नावापुढे ‘रस नाही’ असं लिहिलेलं. त्यातला एक, किराणा दुकान चालवणारा तरुण, म्हणाला, “रस होता न. पण मी बोलायच्या आधीच थे ‘सॉरी’ म्हणे. मले लाज वाटे. आपल्याच दुकानात बसून आपलीच लाज!” परतल्यावर संध्याकाळभर अंगणात पुन्हा प्रश्नोत्तरं केली. त्या दिवशी फुटाण्यांची गरज कमी पडली.

मुलाखतीच्या सकाळी आम्ही नागपूरच्या एकाच बसमध्ये होतो. बोरगाव माझ्या वाटेवर होतं. मी बॅग घेऊन तिच्याबरोबर उतरले. कारखान्याच्या फाटकातून ती आत गेली आणि मी समोरच्या टपरीवर चहा घेत बसले. ट्रक येत होते, जात होते. टपरीवाल्याने विचारलं, “पोरगी तुमची?” मी नाही म्हटलं. “मंग कायले बसून राहिल्या?” मी दुसरा चहा मागितला.

साधना बाहेर आली ती भरभर चालत. चेहऱ्यावरून काही कळेना. बाकावर बसली, पाणी प्यायली, मग बोलली.

“पहिले दोन बरे गेले. मंग सरनं विचारलं, गिऱ्हाईक फोनवर चिडला, माल उशिरा आला, तं तू काय म्हणशीन? आन मी गप्पच झाले, मॅडम. बाजूच्या मॅडमनं पुढचा कागद उचलला. मले वाटलं, गेली नोकरी.”

“मग?”

“मंग मी म्हणलं, ‘सर, प्लीज वेट. आय ॲम मेकिंग माय आन्सर.’”

“हे तुला कोणी शिकवलं?”

“कोणीच नाही. तिथंच सोचलं.”

“आणि ते थांबले?”

“थांबले न जी. त्यायनं चष्मा पुसला. मंग मी सांगितलं, पयले सॉरी म्हणीन, मंग ट्रक कुठं आहे थे पाहीन, आन पाहूनच सांगीन, अंदाज नाही सांगणार. सर म्हणे, हे बरं हाय, बाकीचे पटकन उत्तर देतात आन खोटं देतात. सोमवारपासून ये, महिनाभर काम पाहू.”

महिनाभर काम पाहू म्हणजे नोकरी नव्हे, हे तिलाही कळत होतं. तरी घरी फोन लावला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आई, मी संध्याकाळी घरीच येऊन राहिली सोमवारपासून.” पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. साधना फोन कानाला लावून उभी राहिली. तिने घाई केली नाही.

तिची बस सौंसरकडे गेली, माझी नागपूरकडे. सावनेर येईपर्यंत मी अहवालाचा मजकूर मनात जुळवत होते. माणूस गप्प बसला की आमचं यंत्र त्याला येत नाही असं धरतं. त्या ऑफिसातल्या माणसाला दिवसभराची दुसरी कामं होती, तरी त्याने एका मुलीचं वाक्य होईपर्यंत चष्मा पुसला. हे ॲपला शिकवता येईल की नाही, मला ठाऊक नाही. कंपनीला लिहून कळवेन आणि उत्तराची वाट बघेन.

पुण्याला पोचल्यावर प्रसादने विचारलं, “मग साधनाचं काय करायचं? काढू?”

“राहू दे,” मी म्हटलं. “आणि ‘रस नाही’ लिहिलेले सगळे परत उघड. या वेळी त्यांना आपण फोन करू. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं.”

“किती वेळ?”

“ते बोलेपर्यंत.”