हळू मावशींचं दुखणं

शाळेच्या बसमधली मुलं तिला हळू मावशी म्हणायची. मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी ती बस आपल्याच चालीने चालवायची.

उजव्या बरगडीखाली दुखू लागलं तेव्हा तिने सीटला दोष दिला आणि उशी बदलली. वजन उतरलं तशी धाकट्या भावाने तिला ओढतच सोनोग्राफीला नेलं. यकृतावर डाग निघाले, एक-दोन नव्हे, पुष्कळ. डॉक्टरांना वाटलं, दुसरीकडचा कॅन्सर इथे पसरलाय. पोट, आतडी, छाती, सगळं धुंडाळलं, काही सापडेना.

"पाहुण्याचं गावच सापडत नाही," ती भावाला म्हणाली, "म्हणजे तो इथलाच असणार."



मग सुईने तुकडा काढला. तो तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं एका तपासणीने समाधान होईना. तुकड्याला आणखी वेगवेगळे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यांनी दोघांना बोलावून घेतलं.

"हा यकृतातल्या रक्तवाहिन्यांचा कॅन्सर आहे. क्वचितच दिसतो. याची एक जात फार झपाट्याने वाढते. तुमची मात्र सावकाश चालणारी."

"मग माझीच म्हणायची," ती म्हणाली.

डाग सगळीकडे विखुरलेले, त्यामुळे कापून काढणं शक्य नव्हतं. काही महिने त्यांची चाल पाहू, वाढले तर यकृत बदलू, असं ठरलं. अंगात त्राण नसताना लेकरांना घेऊन चाक धरायचं नाही, म्हणून तिने आपणहून बस सोडली आणि नव्या ड्रायव्हरशेजारी बसून त्याला एकेक वळण समजावलं.

डाग वाढले, यकृताबाहेर मात्र गेले नव्हते. सुई दिसली की तोंड फिरवणारा भाऊ, आपल्या यकृताचा तुकडा तिला चालेल का, याची गुपचूप तपासणी करून आला.

"माझं जुळतंय, ताई."

"तुझ्या पोरी लहान आहेत. विषय संपला."

"लहानपणी तुझ्या ताटातलं अर्धं मीच खायचो. आता माझ्यातलं तू घे, फिटंफाट."

ती उठून थेट स्वयंपाकघरात गेली. "तुझ्या मनात नसेल तर स्पष्ट सांग," ती भावजयीला म्हणाली. "मी रागावणार नाही."

भावजयीने गॅस बंद केला. "भीती वाटतेय, वन्सं. पण नाही म्हणवत नाही."

बाहेर येऊन तिने भावाला होकार दिला.

ऑपरेशन पार पडलं. भाऊ लवकर सावरला. तिला मात्र ताप आला, जोडलेल्या नळीतून पित्त गळलं, पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागलं. चालायला लागली तीही भिंत धरधरून. अजून तरी स्कॅन स्वच्छ येतायत. पुढचं डॉक्टर सांगत नाहीत, तीही विचारत नाही. सकाळी शाळेच्या फाटकाशी उभी राहून ती मुलांना बसमधून उतरवून घेते, आणि भावाने जड पिशवी उचलली की भर रस्त्यात त्याची खरडपट्टी काढते.