वॉशिंग्टन तेचेराचा उपडा पत्ता

पंक्चरवाला वॉशिंग्टन तेचेरा समोरच्या पार्लरवाल्या एल्बियाबाईंना भरदिवसा डोळा मारतो, ही बातमी आमच्या दोलोरेसमध्ये बेकरीपासून नदीकाठापर्यंत पोचायला एक सकाळ पुरली. दुपारपर्यंत डोळ्याच्या जोडीला हवेतली पापी आली. संध्याकाळी खाटकाच्या दुकानात लग्नाला कोण कोण येणार याचीही चर्चा झाली, आणि वॉशिंग्टन विधुर, एल्बियाबाई नवऱ्याला सोडून दहा वर्षं झालेल्या, तेव्हा कुणाची हरकत असण्याचंही कारण नव्हतं.

एल्बियाबाईंनी आधी दुर्लक्ष केलं. मग खिडकीचा पडदा काढून धुवायला टाकला आणि परत लावायला विसरल्या. शेवटी एका गिऱ्हाइकाचं डोकं अर्धं रंगवलेलं तसंच सोडून, हातात कंगवा घेऊन त्या रस्ता ओलांडून गेल्या. वॉशिंग्टन मांडीवर ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन बसला होता. समोर थर्मासला टेकवून फोन उभा केलेला, आणि हा पठ्ठ्या त्या फोनला डोळा मारत होता. बाईंनी घसा खाकरला तेव्हा त्याने वरसुद्धा पाहिलं नाही.

"तुम्हाला नाही हो, बाई," तो म्हणाला. "या मगरीला."

फोनमध्ये पत्त्यांचा खेळ चालला होता आणि एका पत्त्यावर खरंच सोनेरी मगर होती. बाई परत आल्या, गिऱ्हाइकाचं उरलेलं डोकं रंगवलं, आणि विचारणाऱ्याला सांगू लागल्या की माणूस वेडा आहे, पण सभ्य आहे. सांगताना आवाज जरा कोरडा असायचा. पडदाही लगेच लागला.

आता मगरीला डोळा का मारायचा? त्याला त्रुको जबाबदार. त्रुको हा जोडीचा खेळ. तुमचा जोडीदार टेबलाच्या पलीकडे, तोंडासमोर बसतो, आणि हातात काय आलंय ते त्याला चेहऱ्यानेच कळवायचं. डोळा मारला की एक पत्ता, ओठांचा चंबू केला की दुसरा, नाक मुरडलं की तिसरा, आणि दोन्ही डोळे मिटले की हाती धुपाटणं. याला लबाडी म्हणत नाहीत. प्रतिस्पर्ध्यांची नजर चुकवून खूण करता आली नाही, तर मात्र तुम्हाला खेळाडू म्हणत नाहीत. वॉशिंग्टनने उभी हयात हे केलं होतं. हातात पत्ता आला की त्याचा चेहरा आपोआप हलायचा, जसं दुसऱ्याला जांभई आली की आपली येते.

समोर बसायचा मिल्टन. गावातली सगळ्यात नावाजलेली जोडी, दोघांनी स्पर्धांत जिंकलेले कप क्लबाच्या काचेच्या कपाटात मांडलेले. मिल्टन उंच आवाजाचा, टेबलावर मूठ आपटणारा, पत्ता टाकताना चार ओळींचं गाणं रचून म्हणणारा. वॉशिंग्टन गप्प. त्यामुळे लोकांनी हिशोब सोपा ठेवला होता: डोकं मिल्टनचं, डोळा वॉशिंग्टनचा. मिल्टनला त्याच्या मुलीने राजधानीत, मोंतेविदेओला राहायला नेलं, आणि क्लबाचं कँटीन चालवणारा हेबेर भर टेबलावर म्हणाला की आता मिल्टन नाही, तर वॉशिंग्टनने डोळा मारायचा तरी कुणाला. सगळे हसले. वॉशिंग्टनही हसला. दुसऱ्या रविवारी तो क्लबात गेला नाही. तिसऱ्याही नाही.

मग पाय मुरगळून घरी पडला असताना वॉशिंग्टनच्या मुलीने त्याच्या फोनमध्ये हा खेळ घालून दिला. जगातला कुणीही समोर येतो, त्याचं तोंड दिसत नाही. पत्ते आपले आपण जमवायचे, त्यातून निवडून गठ्ठा बांधायचा, आणि खेळायचं एकट्याने. जोडीदार नाही. हीच गोष्ट त्याला काट्यासारखी टोचली आणि मधासारखी गोडही लागली.

सुरुवातीला त्याने अशी काही माती खाल्ली की विचारू नका. एक पत्ता फारच महाग पडायचा, खेळायची वेळच येईना, म्हणून त्याने तो फोडून त्याचा चुरा केला. नकोसे पत्ते फोडायची सोय आहे तिथे, चुऱ्यातून दुसरे बनवता येतात. नंतर कळलं की लोक वर्ष वर्ष ज्याची वाट पाहतात तो हाच पत्ता. वॉशिंग्टनने त्या चुऱ्यातून दोन बेडूक बनवले होते. बेडूक त्याला आवडले होते, हेही तो प्रामाणिकपणे सांगायचा.

पण त्याची सगळ्यात गाजलेली हार पाण्यापायी झाली. प्रत्येक खेळीला फोनमध्ये एक वात जळते. ती संपायच्या आत खेळायचं, नाही तर पाळी गेली. समोरचा मरायला टेकलेला, याच्या हातात मारणारा पत्ता, आणि नेमकी आतून किटली गुणगुणू लागली. येर्बा म्हणजे दिवसभर पेल्यातून प्यायचा आमचा चहा; त्याच्या पाल्यावर उकळतं पाणी पडलं तर पाला जळतो, दिवसभराची चव जाते. वॉशिंग्टन लंगडत धावला. पाणी वाचलं, डाव गेला. एल्बियाबाईंनी चुकचुकून विचारलं की एवढा जिंकलेला डाव सोडवला तरी कसा. तो म्हणाला की डाव परत मिळतो, येर्बाचं पुडकं आठवड्याला एकच.

जिंकलाही तो असाच काहीतरी. त्या खेळात बोलायची सोय नाही. पाचसहा ठरलेली वाक्यं आहेत, बोट लावलं की समोरच्याला दिसतात. एकदा हातात कचरा होता, पुढच्या पाळीला मरण ठरलेलं. वॉशिंग्टनने शांतपणे 'छान खेळलात' पाठवलं. समोरच्याला वाटलं, हा आता काहीतरी भयंकर काढणार, आणि तो डाव सोडून पळाला. वॉशिंग्टन ट्यूब खाली ठेवून रस्त्यावर आला आणि एकटाच हसत उभा राहिला. एल्बियाबाईंनी पडद्याआडून पाहिलं. हळूहळू त्या दुपारचा पेला घेऊन त्याच्याकडेच बसू लागल्या आणि मगर कुठली, बैल कुठला, हे ओळखायला शिकल्या. गावाने पुन्हा लग्नाची यादी काढली. पण तो विषय वेगळा.

या खेळात पायऱ्या असतात. जिंकलात की वर, हरलात की खाली, आणि सगळ्यात वर शिखर. महिना संपला की सगळ्यांना पुन्हा खाली ढकलतात. वॉशिंग्टन शिखराच्या दोन पायऱ्या खाली आला तेव्हा एल्बियाबाईंनी ती बातमी हेबेरच्या कानावर घातली. हेबेर म्हणाला, फोनमधल्या बाहुल्यांशी खेळून कुणीही जिंकेल. हे वॉशिंग्टनपर्यंत आलं. त्या रविवारी तो उठून क्लबात गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला की महिना संपायच्या आत शिखर गाठलं नाही, तर या टेबलावर तो पुन्हा पत्त्याला हात लावणार नाही. बसेल, पण बाकीच्यांना येर्बा भरून द्यायला. खेळणाऱ्याला यापेक्षा खालची जागा आमच्याकडे नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस रविवार निघाला. एक डाव जिंकला की शिखर, अशी स्थिती. हेबेरने हट्टाने त्याला क्लबात बोलावलं, जे व्हायचं ते आमच्यासमोर होऊ दे म्हणाला. अंगणात जाळीवर मांस लागलं होतं. आणि दारातून मिल्टन आला, मोंतेविदेओहून, मुलीच्या गाडीने. जेवायला आलोय म्हणाला. आला आणि सवयीने वॉशिंग्टनच्या समोरच्या खुर्चीत बसला. तिथून त्याला फोनची फक्त पाठ दिसत होती. बाकीचे सगळे वॉशिंग्टनच्या पाठीमागे गोळा झाले.

डाव सुरुवातीपासून वाकडा. समोरच्याने लोखंडी बैल उतरवला. याच्याकडे दोन किरकोळ गुराखी, आणि जीव एका धक्क्याचा उरलेला. गठ्ठ्यात एक पूर होता, म्हणजे टेबलावरचं सगळं धुऊन नेणारा पत्ता. तो आला तर वाचला. हातात मात्र एक बेडूक. वॉशिंग्टनने नकळत दोन्ही डोळे मिटले. पलीकडे मिल्टनने ते वाचलं आणि हनुवटी वर झटकली: मार. हातात काही नसलं की आरडाओरडा करून तुटून पडायचं, हा त्याचा जुना खाक्या. त्याने ती हनुवटी पुन्हा झटकली. हेबेरनेही ते पाहिलं.

त्या खेळात पत्ता उपडा ठेवता येतो. काही पत्ते असे असतात की समोरच्याने हल्ला केला की उलटतात आणि त्यालाच गिळतात. बेडूक त्यातला नव्हे. वॉशिंग्टनने वात शेवटापर्यंत जळू दिली, आणि अगदी टोकाला त्याने तो बेडूक उपडा ठेवला. गुराखी जागचे हलवले नाहीत. मग 'छान खेळलात' पाठवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

समोरच्याची वात जळत राहिली. एल्बियाबाईंनी कुणाचा तरी दंड धरला होता, कुणाचा ते त्यांनाही माहीत नसावं. शेवटी बैल जागेवरच बसला. समोरचा घाबरला होता. पुढच्या पाळीला वॉशिंग्टनने पत्ता ओढला, तो पूर निघाला. टेबल धुऊन निघालं. मग गुराख्यांनी आपलं काम सावकाश, दुपारची गुरं हाकल्यासारखं उरकलं. फोनवर सोनेरी शिखर उगवलं.

टाळ्या झाल्या, पण बघा गंमत, हात पडले ते मिल्टनच्या पाठीवर. हेबेर सगळ्यांना सांगू लागला की त्याने खूण केलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, मिल्टन समोर बसला आणि काम झालं, डोकं ते डोकंच. वॉशिंग्टनने फोन पालथा घातला आणि थर्मासचं झाकण आवळत बसला. आधीच आवळलेलं होतं.

मिल्टनने दोनतीन थापा घेतल्या, त्या त्याला आवडत होत्या हे उघड होतं. मग त्याने हेबेरचा हात बाजूला केला.

"मी याला मार म्हणत होतो," तो म्हणाला. "दोनदा म्हटलं. मेला असता." मिल्टन टेबलावर पुढे वाकला आणि वॉशिंग्टनला म्हणाला, "अरे, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा माझं ऐकलं नाहीस तू."

वॉशिंग्टनने पेला भरून त्याच्यापुढे सरकवला.

"इतकी वर्षं ऐकलं, म्हणून तर त्या कपाटात तीनच कप आहेत."