ऐंशी पानांची राणी

कामठ्याहून सायकलवर आलेल्या माणसाने छापखान्याच्या दारातूनच सांगितलं, "लक्ष्मण गुरुजी गेले..." तेव्हा मी कागदाच्या व्यापाऱ्याशी हुज्जत घालत होतो. हातातला ताव खाली ठेवला. मनात पहिलं आलं ते दुःख नव्हतं. खरं तेच लिहितो, मला हायसं वाटलं. आमचं चार वर्षांचं भांडण मिटून तेव्हा बाराच दिवस झाले होते. लक्ष्मण पंधरा दिवस आधी गेला असता, तर मी जन्मभर गादीचोर राहिलो असतो. डोळे भरून आले ते नंतर, आणि त्या दिवशी व्यापारी म्हणेल त्या भावाने मी कागद घेतला. असं माझ्या हातून आयुष्यात एकदाच झालं.

गोरेगावच्या शाळेत लक्ष्मण आणि मी एका पट्टीवर बसायचो. चौथीनंतर तो शिकत गेला, कामठ्याला गुरुजी झाला. मी गोंदियाला येऊन एका छापखान्यात शिशाची अक्षरं जुळवू लागलो. कोणाचा आधार नव्हता. वीस वर्षांत स्वतःचं यंत्र उभं केलं, बिडीच्या बंडलांची लेबलं आणि लग्नाच्या पत्रिका छापून. लक्ष्मण शाळेतल्या पोरांना रोज शेवटच्या तासाला एक गोष्ट थोडी थोडी सांगायचा. तीच पुढे 'सारसनगरची राणी' झाली. चंदा नावाची पोर ढिवराच्या घरी मासे वाळवत वाढते. ती सारसनगरच्या गादीची खरी वारस आहे, हे तिला एक म्हातारा सारस पक्षी सांगतो. तिच्या काकाने गादी बळकावून सगळ्या तलावांचं पाणी मंत्राने बांधून ठेवलेलं असतं. चंदा एकेका तलावाचं पाणी मोकळं करत राजधानीकडे निघते. आज ही गोष्ट आपल्या भागातल्या पोरांना तोंडपाठ आहे. तेव्हा ती फक्त चार वह्यांत होती आणि त्या वह्या घेऊन लक्ष्मण माझ्याकडे आला होता.

जर्मनीच्या लढाईचे दिवस होते, कागद मिळत नव्हता. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी छापतात. मी ओळी मोजल्या. गोष्ट ऐंशी पानांत, म्हणजे बरोबर पाच फर्म्यांत बसत होती आणि वर तीन पानं उरत होती. तीन पानांसाठी सहावा फर्मा लावायला माझ्याकडे कागदच नव्हता.

"तीन पानं कमी कर," मी म्हटलं.

"तीन शब्द करतो."

"अडीच पानं."

"काऊन रे मोत्या, गोष्ट का भाजी आहे? पावशेर काढून घे म्हणतेस!"

"मग अक्षर बारीक लावतो."

"अन् पोरायचे डोळे कोण देईल? तू?"

दुपारभर हे चाललं. मी एका पानापर्यंत खाली आलो, तो दहा ओळींच्या वर गेला नाही. शेवटी कामठ्याकडे जाणारी बैलगाडी दारात येऊन थांबली, तसा तो ताडकन उठला आणि म्हणाला, "तुले काय करायचं ते कर!" आणि गेला. आता बाजारात गिऱ्हाईक असं म्हणून उठलं की सौदा झाला असंच धरतात. मी जन्मभर तसंच धरत आलो. मी ऐंशी पानं छापली, शिवून घेतली आणि पुस्तकं कामठ्याला पाठवून दिली.

शेवटच्या तीन पानांत चंदाचा राज्याभिषेक होता.

छापलेलं पुस्तक संपतं ते असं : राजधानीच्या तलावाचं पाणी मोकळं होतं, काका पळून जातो, चंदा बांधाच्या पाळीवर उभी राहते आणि समोर सगळं सारसनगर दिसतं... बस. गादी नाही, मुकुट नाही. लक्ष्मण पुन्हा छापखान्याची पायरी चढला नाही. गोरेगावच्या बाजारात लोकांनी विचारलं की सांगायचा, "आमच्या राणीची गादी गोंदियात अडकली आहे." झालं! मला गादीचोर नाव पडलं. स्टेशनवरचे हमालसुद्धा हाका मारायचे, "क्यों सेठ, गद्दी कहाँ छुपाई?" पुतणीच्या लग्नात व्याह्याने मला बसायला गादी देताना सगळ्यांसमोर बजावलं, "जाताना राहू द्या बरं." मांडव हसला. मी जेवण टाकून उठलो. 'काय करायचं ते कर' असं लक्ष्मण स्वतः म्हणाला होता, हे मी शंभर जणांना सांगितलं. एकानेही ऐकून घेतलं नाही. आणि राग शांत झाला की एक भीती मलाही खायची. पुस्तक त्याचं होतं. मी ते खरंच मोडलं असेल तर?

यंदा त्याच्या छातीचं दुखणं बळावल्याचं कळलं. कागदही थोडा मिळू लागला होता. त्याच्या वह्या माझ्याकडेच होत्या. ती तीन पानं मी स्वतःच्या हाताने जुळवली, एक कच्ची प्रत काढली आणि सकाळीच कामठा गाठलं. तो खाटेवर उशाला टेकून बसला होता. खूप वाळला होता. मी कागद पुढे केले. त्याने सावकाश तिन्ही पानं वाचली, उशाखालची पेन्सिल काढली आणि तिन्ही पानांवर आडव्या रेघा मारल्या.

"हे नको छापू."

त्याने आपल्या बायकोला, सरस्वतीवहिनींना, हाक मारली. वहिनींनी एक पत्र्याचा डबा आणून माझ्या पुढ्यात उघडला. आत पोरांची पोस्टकार्डं होती, दाबून भरलेली. राणी गादीवर बसली की नाही ते ज्याने त्याने आपल्या मनाने लिहिलं होतं. एकाने राणीसोबत सारसालाही गादीवर बसवलं होतं. एकाने लिहिलं होतं, 'राणी बसलीच नाही. धानाचा रोवणा सुरू होता, ती चिखलात गेली.'

"मी लिहिली होती ती एकच गादी," लक्ष्मण म्हणाला. "पोरायनं इतक्या केल्या. अन् आता गोरा साहेब देश सोडून जाऊन राहिला म्हणतात. खुर्चीवर कोण कसा बसेल, हे मी आधीच कायले छापू?"

माझं डोकं फिरलं. "मग चार वर्षं मले चोर कायले म्हणत होता?"

"पहिली दोन वर्षं खरंच राग होता." तो थांबला, खोकला. "मग ही कार्डं येऊ लागली... मग कबूल करायची लाज वाटे."

"आता कबूल कर."

"केलं. तू कापलं ते बरं झालं."

"साक्षीदार?"

"मी ऐकून राहिली ना, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "अन् भांडण होतं तरी यायनं ते पुस्तक दुसऱ्या कोणाच्या छापखान्यात नेऊ दिलं नाही. नागपूरहून दोनदा माणूस आला होता."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. "हे गावाला कोण सांगणार?" मी विचारलं. लक्ष्मण म्हणाला, "तूच लिही. तू कागद जपून वापरतेस, थोडक्यात लिहिशील." म्हणून हे लिहिलं. ज्यांनी मला गादीचोर म्हटलं त्यांनी आता आपापल्या घरी बसून हे वाचावं.

दुसरी आवृत्ती छापून झाली आहे, ऐंशीच पानांची. कार्डं अजून कामठ्याच्या शाळेत येतात आणि वहिनी ती माझ्याकडे पाठवतात. लक्ष्मण प्रत्येकाला उत्तर लिहायचा, म्हणून मीही लिहितो. गेल्या पंधरवड्यात दवनीवाड्याच्या एका मुलीने लिहिलं की राणी गादीवर बसली, पण तिचे पाय जमिनीला पुरेनात, म्हणून ती उतरली. मी कळवलं, 'राणीला उतरवू नको, गादीचे पाय थोडे कापून घेऊ.'

परवा तिचं उत्तर आलं. दोनच ओळी आहेत.

'काही कापू नका. राणी मोठी होईल.'