समुद्र पडला

गावात त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे त्यांना पडदेकाकूच म्हणत. काकांचा फोटो स्टुडिओ होता आणि स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता: निळाशार समुद्र, पांढरी वाळू, एक तिरकं नारळाचं झाड. रंगवणारा बुवा एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. समुद्र त्याने जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे नारळ भोपळ्याएवढे झाले होते. पण गिऱ्हाइकांना त्याचं काय! नवी जोडपी, रडकी बाळं, रुसलेले म्हातारे, सगळे त्या भोपळ्यांखाली बसून फोटो काढून गेले.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्याचा खिळा मात्र कधी टिकला नाही. भिंतीला ओल होती. ठोकला की गिलाव्यासकट बाहेर. म्हणून तो कोपरा काकू धरायच्या, भिंतीला चिकटून, हात वर करून, फोटोत येणार नाही अशा बेताने. हात अवघडला की कोपरा घसरायचा आणि काका कॅमेऱ्यामागून ओरडायचे, "अगं, समुद्र पडला!" गिऱ्हाईक खुदकन हसायचं आणि काका नेमकं तेव्हाच बटण दाबायचे. गावातली निम्मी माणसं फोटोत हसतायत ती काकूंच्या दुखऱ्या खांद्याच्या जिवावर, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की काकू म्हणायच्या, "अहो, एकदा माझाही काढा ना इथे."

"तुला कशाला हा खोटा समुद्र? तुझा फोटो खऱ्या समुद्रासमोर काढीन. बेटावर नेऊन."

सुरुवातीला हे ऐकून काकू लाजायच्या. पुढे नुसतं "हं" म्हणायला लागल्या. मग मोबाइल आले, जो तो फोटोग्राफर झाला, स्टुडिओ बंद पडला आणि पडदा उंदरांनी फस्त केला. घरातली भिंत नात्यागोत्याच्या फोटोंनी भरलेली होती. काकूंचा त्यात एकही नव्हता. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण भिंत पुसताना दरवेळी त्यांना ते जाणवायचं.

म्हणून लेकीने विचारलं, "आई, लग्नाच्या वाढदिवसाला तुम्हाला कुठे पाठवू?" तेव्हा काकूंनी क्षणाचाही विचार केला नाही. "बेटावर," त्या म्हणाल्या.

लेकीने हात सैल सोडून रिसॉर्ट निवडलं. जाहिरातीतला समुद्र पडद्यापेक्षाही निळा होता. काकांनी जुना कॅमेरा पुसून घेतला, कुठूनतरी रोल पैदा केला, आणि काकूंनी ठेवणीतले कपडे बॅगेत सगळ्यात वर ठेवले.

बेटावर उतरल्या उतरल्या वास आला. सगळा किनारा कुजक्या शेवाळाने भरला होता, पाणी चहाच्या गाळासारखं दिसत होतं आणि पलीकडे नव्या पोहण्याच्या तलावासाठी यंत्र घरघरत खणत होतं. खोलीचं नाव 'सागरदर्शन'. खिडकीतून जनरेटर दिसे. न्हाणीघरात स्टुलावर चढून मान वाकडी केली की सागराचं बोटभर दर्शन घडे. वाळूवरच्या खुर्चीला वेगळे पैसे, छत्रीला वेगळे. काका म्हणाले, "श्वास घेतोय तोही बिलात लावतील, जपून घे."

काकू हसल्या, पण त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं. पहिल्या दिवशी काका म्हणाले, आभाळ आलंय. दुसऱ्या दिवशी उजेड बरा होता, तर शेवाळ बघून त्यांनी नाक मुरडलं. "इतकी वर्षं थांबलीस, आणि आता या घाणीसमोर तुझा फोटो काढू? मला नाही जमणार." कामात हा माणूस पहिल्यापासून हट्टी. आणि शेवटचा दिवस उजाडला, दुपारी परतीची बोट. काकूंना रडू येत होतं. पडद्यासमोर बसले असते तर एव्हाना फोटो जुना झाला असता, असं त्यांना वाटून गेलं. ती ओल आलेली भिंत, काकांची ती आरोळी, सगळं एकदम इतकं आठवलं की त्या बॅग भरायच्या थांबल्या.

तेवढ्यात निरोप आला की आठवणीचा फोटो भाड्यातच धरलेला आहे, काढून जा. दोघं गेले; काकांच्या गळ्यात जुना कॅमेरा होताच. ऑफिसामागच्या खोलीत रिसॉर्टचा फोटोग्राफर बसला होता. भिंतीवर एक हिरवं कापड टांगलेलं.

"समुद्र कुठाय?" काकांनी विचारलं.

"तो मागाहून टाकतो, काका. कॉम्प्युटरवर. बाहेरचा चांगला येत नाही."

खऱ्या बेटावर येऊन पुन्हा पडदाच! काका आ वासून बघत राहिले आणि मुकाट्याने स्टुलावर बसले. इतक्यात पंख्याच्या वाऱ्याने कापडाचा उजवा कोपरा सुटला. काकू तडक गेल्या, भिंतीला चिकटल्या, हात वर करून कोपरा धरला आणि म्हणाल्या, "हं, घ्या आता."

"काकू, तुम्ही तिथे काय करताय? फोटो तुमचा काढायचाय ना!" फोटोग्राफर हसायला लागला.

काकूही ओशाळून हसल्या. काका हसले नाहीत, त्यांनी मागे वळून पाहिलं. कोपरा धरलेल्या बायकोला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं असावं. आजवर त्यांचे डोळे कायम गिऱ्हाइकाकडे असायचे. डोळे पुसून ते उठले.

"चल," ते म्हणाले.

"अहो, फोटो?"

"चल म्हणतो ना."

त्यांनी काकूंना थेट किनाऱ्यावर नेलं. ठेवणीतले कपडे बॅगेतच राहिले. पायाखाली शेवाळ पचपचत होतं, यंत्र खणत होतं, वारा केस विस्कटत होता. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. काकू गढूळ समुद्रापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांचा उजवा हात आपसूक वर गेला, बोटं मिटली.

"अगं, हात कशाला वर?"

काकूंनी हाताकडे पाहिलं. खांदा नेहमीसारखाच दुखत होता.

"सोडला तर समुद्र पडेल ना," त्या म्हणाल्या, आणि खुदकन हसल्या. काकांनी नेमकं तेव्हाच बटण दाबलं.