साखळीच्या शेपटाला मान्ये

मला लिहायची सवय नाही, नीट जमेल की नाही तेही ठाऊक नाही. पण माम्ले मॅडमबद्दल कुणीतरी लिहायला हवं. ओडुमासेच्या शाळेत मी गणित शिकवायचो, शेजारच्या वर्गात त्या जीवशास्त्र. भिंतीपलीकडचं हसू सारखं माझ्या अपूर्णांकांत मिसळायचं.

हेडमास्तरांना ते हसू खुपायचं. एकदा ते म्हणाले, "मॅडम, शाळेच्या समारंभात मान्येंना तुमचा धडा कळला तर विषय राहील. नाहीतर पुढल्या सत्रापासून त्याच्या जागी शेती." मान्ये म्हणजे आमच्या गावची राणीआई. शाळेत त्यांचा शब्द शेवटचा.

समारंभाच्या दिवशी पटांगणात मुलं उभी राहिली, प्रत्येकाच्या गळ्यात चारांपैकी एका रंगाचा मणी. "ही आरएनएची साखळी, मान्ये. प्रथिन कसं बनवायचं ते हिच्यावर लिहिलंय. धरा रे हात!" मॅडम म्हणाल्या.

कुणी धरेना. मान्येंच्या समोर डावा हात द्यायचा? सगळ्यांनी उजवाच पुढे केला आणि साखळीऐवजी नुसत्या जोड्या झाल्या.

"ही साखळी की लग्नाचा नाच?" मान्ये म्हणाल्या. हेडमास्तर खूश.

मॅडम क्षणभर गोंधळल्या, मग ओरडल्या, "उजवा हात पुढच्याच्या खांद्यावर!" झालं, सगळ्यांची तोंडं एकीकडे! "आणि खरी साखळीही एकाच टोकाकडून वाचतात, मान्ये!"

मग त्यांनी मधल्या काही मुलांना बाहेर काढलं. "हे बिनकामाचे तुकडे."

"बिनकामाचा तू!" कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, आणि ती मुलं गोल फेर धरून नाचायलाच लागली. मागच्यांनी पुढे सरकून उरलेल्यांच्या खांद्यांवर हात टेकले. मॅडम पुढून तिघा-तिघांचे रंग वाचू लागल्या. दर तिघांमागे त्या हातातल्या दोऱ्यात एक काचेचा मणी ओवायच्या, आणि दोरा म्हणजे प्रथिन.

मान्येंना राहवेना. त्या ठेक्यात आल्या आणि शेवटच्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून उभ्या राहिल्या. पण मॅडमनी त्यांच्या आधीच्या तिघांपाशीच दोऱ्याला गाठ मारली.

"आणि मी?"

"हे तिघे 'थांबा' म्हणतात, मान्ये. तुम्ही त्यांच्या मागे. तुम्ही शेपूट."

हेडमास्तरांनी डोळे मिटले.

"शेपूट वाचत नाहीत," मॅडम घाईघाईने म्हणाल्या, "पण ते नसेल तर अख्खी साखळी लगेच तुटून जाते."

मान्ये इतक्या हसल्या की त्यांच्या कमरेचे मणी वाजले. "ऐकलंत ना, हेडमास्तर? मी आहे म्हणून हे टिकतंय! मग टिकवा."

विषय टिकला. शेती मात्र हेडमास्तरांनी स्वतःच्या परसात केली.