रोह्याचा छोटा बोर्ड

रोहिणी रोह्याहून पेणला सून म्हणून आली, तेव्हा तिला मुकुटांवर खडे चिकटवायला बसवलं. गणपतीचा कारखाना सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. बायांनी खडे चिकटवायचे आणि पुरुषांनी गिऱ्हाइकांशी बोलायचं, ही तिथली वाटणी. ती रोहिणीने मोडली. न रंगवलेल्या कच्च्या मूर्तीचा फोटो काढून कॉम्प्युटरवर ती त्या मूर्तीला शेला, पितांबर, दागिने रंगवून दाखवी आणि गिऱ्हाईक घरबसल्या पसंत करी. दूरची गिऱ्हाइकं आता सरळ तिलाच फोन करत. धाकटा दीर आदेश तेव्हापासून तिच्याशी धड बोलला नव्हता.

कॉम्प्युटरला जागा मिळाली ती मुकुटांच्या साच्यांच्या फळीवर, हातभर. कॉम्प्युटरचा मोठा डबा तिथे मावेना, म्हणून मावसभाऊ सुजयच्या रोह्यातल्या दुकानातून तिने लहान डब्यात बसणारा स्वस्त मदरबोर्ड घेतला. सुजयने काही लपवलं नव्हतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड न घालता चित्र दिसेल, तुझं भागेल. पण मेमरीच्या खाचा दोनच आणि दोन्ही भरलेल्या. पुढे वाढवायची तर आहे ती काढून टाकावी लागेल. डब्याचा पंखा एकच जोडता येतो, तेव्हा धुळीत ठेवू नकोस, तापेल.

कारखान्यात धुळीशिवाय दुसरं होतं काय. रोहिणी अधूनमधून डबा उघडून कोरड्या ब्रशने पंखा झाडी. मोठ्या मंडळाच्या मूर्तीचा फोटो उघडला की मशीन अडखळे, आणि आदेश मागून जाता जाता विचारी, "वहिनी, रोह्याचा माल दमला व्हय?" सासू ठमाबाई हसे. नवरा दिनानाथ ऐकू न आल्यासारखं करी. ते त्याला छान जमत असे.

ऐन नोंदणीच्या दिवसांत रोहिणी आजारी आईला बघून परतली, तर मशीन मेलेलं. बटण दाबलं, पंखासुद्धा हलला नाही. आदेशचा निकाल तयारच होता. माहेरचा स्वस्त माल, दुसरं काय. आता तो पनवेलहून मोठं मशीन आणणार, त्यावर त्याची बायको स्वप्नाली बसणार, आणि रोहिणीने पुन्हा मुकुट घ्यावेत.

"खडे चिकटवायला बी हात लागतात गो," ठमाबाई म्हणाली. "त्यात कमीपणा नाय."

रोहिणीने डबा फळीवरून खाली घेऊन उघडला. आत धुळीचा कण नव्हता. बोर्डावर, मेमरीच्या खाचांत, पंख्याच्या पात्यांवर सोनेरी चकाकी पसरली होती. मुकुटांना मारतात तो, पितळेची पूड घातलेला रंग. मूर्तीवरची धूळ उडवायला कारखान्यात सगळेच स्प्रे गनने हवा मारत. गनमध्ये आधीचा रंग उरलेला असला तरी मूर्तीचं बिघडत नाही, तिला पुढे रंगच द्यायचा असतो. बोर्डात मात्र पितळेच्या पुडीने वीज भलतीकडे जाते आणि तो जळतो.

"भावोजी, यावर गनने हवा मारलीत?"

"साफ केला. घाणीत ठेवतेस आणि वर मलाच विचारतेस?"

दिनानाथ म्हणाला, जाऊ दे, त्याने मुद्दाम नाही केलं. मुद्दाम केलं असं रोहिणीलाही वाटत नव्हतं. पण फळीसमोरची तिची बसायची उशी एव्हाना कोणीतरी उचलली होती आणि फळीवर डब्याच्या जागी पुन्हा साचे मांडले होते. ते मात्र मुद्दाम होतं.

तिने डब्याच्या वायरी सोडवल्या. आईने कोकमं दिली होती त्या कापडी पिशवीत डबा सहज मावला. कोणाला न सांगता तिने रोह्याची गाडी धरली.

सुजयने बोर्ड भंगारात टाकला. बाकीचे भाग पुसून तपासले. मेमरी चालत होती, फोटोही शाबूत होते. त्याने सुचवलं, "ताई, आता मोठा घे. चार खाचांचा."

"त्याचा डबा या पिशवीत मावेल?"

"नाय."

"मग असाच छोटा दे."

आईच्या घरी सुजयचा जुना मॉनिटर लावून तिने गिऱ्हाइकांना फोन केले. पुढच्याच आठवड्यात आदेशचा फोन आला. गिऱ्हाइकं फक्त वहिनीशीच बोलू म्हणतात, स्वप्नालीला जमत नाही, तुझं मशीन घेऊन कधी येतेस, असं सगळं तो एका दमात बोलला.

"मी येईन तेव्हा येईन. मशीन इथेच राहील," रोहिणी म्हणाली. "फोटो पाठवा, रंगवून देते."

मागून ठमाबाईचा आवाज आला, मग मुकुट कोण करणार.

"स्वप्नालीला द्या," रोहिणी म्हणाली. "त्यात कमीपणा नाय, असं सांगा आईंना."

तिने फोन ठेवला आणि मोठ्या मंडळाचा फोटो उघडला. मशीन नेहमीसारखं अडखळलं. फोटो उघडेपर्यंत ती निवांत थांबली.