मंडीच्या सात फेऱ्या आणि चौथा माणूस

"वहिनी चांगल्या आहेत गा, पण घरात आहेत का नाही तेच समजत नाही!"

शेजारचे बंडूभाऊ व्हरांड्यात बसून माझ्या नवऱ्याला, नितीनला, हे सांगत होते. मी दाराआड चहा घेऊन उभी होते. दोन मिनिटं थांबले, मग बाहेर जाऊन "चहा" एवढंच म्हटलं.

न बोलणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात, काहीही करतात. त्यामुळे किस्से आपोआप साचत जातात. लग्न होऊन काटोलला आल्याला पाच महिने झाले, आणि एका संत्रा मंडीच्या दौडीनेच माझ्याकडे वर्षभर पुरेल एवढा साठा झालाय. झोप तेवढी शिल्लक नाही!

दौड म्हणजे मंडीभोवतीच्या सपाट रस्त्याने सात फेऱ्यांची शर्यत. चौघांची टीम, चौघांनी सोबतच पोहोचायचं. आमची टीम म्हणजे नितीन, संत्र्याचे व्यापारी बंडूभाऊ, पीटीचे रिटायर्ड गुरुजी आणि नितीनचा मित्र प्रमोद. फॉर्म मीच वाचून दाखवला. 'चार व्यक्ती' एवढंच लिहिलेलं, बाई की माणूस असं काही नाही. ती ओळ मी दोनदा वाचली.

"ऐकू आलं वं, पुढे वाच," नितीन म्हणाला.

कॉलेजात मी पाच हजार मीटर पळायचे. लग्नाच्या बायोडाट्यातून आईने ते काढून टाकलं. "पोरगी पाहायले येऊन राहिले ते, मेडल पाहायले नाही!" म्हणून इथे कोणाला माहीत नव्हतं, आणि विचारलंही कोणी नाही. रोज पहाटे प्रॅक्टिस ठरली, आणि मला फेऱ्या मोजायला बसवलं.

*

मोजायची पद्धत मात्र अस्सल मंडीची! प्रत्येकाच्या नावाचं एक क्रेट. फेरी झाली की ढिगातलं एक संत्रं उचलायचं आणि आपल्या क्रेटमध्ये टाकायचं. पहिल्या दिवशी शेवटी मोजलं, तर नितीनची सात, प्रमोदची सात, गुरुजींची सात, बंडूभाऊंची तीन.

"वहिनी, मोजण्यात गडबड आहे!"

गुरुजींनी क्रेटमागची सालं उचलून दाखवली. "बंड्या, चार फेऱ्या खाल्ल्या गा तू!"

"मग? माल चाखून पाहायची सवय आहे आपली!"

*

नितीनची अडचण वेगळी. काटोलात ओळखीच्या माणसासमोरून न थांबता गेलं, तर तो माणूस दुपारी घरी येतो. "काहून गा नितीन, काही चुकलं का आमचं?" म्हणून नितीन थांबायचा. पहिल्या फेरीत चौदा जणांना रामराम. दुसऱ्या फेरीत पुन्हा त्याच चौदा जणांना! मी घड्याळ लावलं. एका फेरीत पळणं पाच मिनिटं, रामराम नऊ मिनिटं.

गुरुजींनी उपाय काढला, "पळता पळताच हात जोडत जाय."

आठवडाभर तो हात जोडूनच पळाला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बिचारा अख्ख्या मंडीची माफी मागत चाललाय!

*

गुरुजी म्हणजे शिट्टी. आधी कवायत, मग पळणं. कवायत पाऊण तास चालायची. ती संपेपर्यंत मालाचे ट्रक यायचे, आणि रस्ता बंद! तीन दिवस कोणी एक पाऊलही पळालं नाही. तरी गुरुजी रुमालाने मान पुसत म्हणायचे, "आज झकास प्रॅक्टिस झाली!"

त्या पाऊण तासात मी मंडीच्या मागच्या बाजूने निघायचे, सात फेऱ्या मारायचे आणि परत येऊन संत्र्यांजवळ बसायचे. त्यांच्या समोरून जाताना चालायचे, एवढंच. एकदा नितीनने निरखून पाहिलं.

"एवढ्या थंडीत तुले घाम काहून येऊन राहिला वं?"

"स्वेटर," मी म्हटलं.

*

मग डबे भरायचे, नागपूरची बस पकडायची आणि रामदासपेठेतल्या ऑफिसात टेबलावर हात ठेवून डोळे उघडे ठेवायचे. मॅडम एकदा गालात हसून म्हणाल्या, "नवीन लग्न आहे, थकणारच!"

आता यांना काय सांगू? बसल्या बसल्या मी त्यांना एक संत्रं दिलं.

*

आणि मग प्रमोदची शिफ्ट बदलली. बुटीबोरीच्या कंपनीने त्याला नेमकी सकाळची पाळी दिली. फॉर्म शनिवारी द्यायचा होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी व्हरांड्यात मीटिंग भरली. चौथं नाव नसेल तर टीमच बाद.

"माझा साळा आहे ना," बंडूभाऊ म्हणाले.

"तो? तो बसमधून उतरतो तं बस वर येते!" गुरुजी.

"आपले बाबा?" नितीन.

आतून सासूबाई ओरडल्या, "त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं न रे बाप्पा!"

मग पोस्टमन झाला, दूधवाला झाला, समोरचे वकीलसाहेब झाले. गल्लीतला एकेक माणूस तपासून झाला. शेवटी बंडूभाऊ म्हणाले, "कोणाचंही नाव टाका गा, त्या दिवशी कोणी ना कोणी भेटूनच जाते!"

गुरुजींनी फॉर्म मांडीवर घेतला. पेन चौथ्या रकान्यावर टेकलेलं.

मी दारातच उभी होते. इतक्या पहाटांची अर्धवट झोप डोळ्यांत होती, लाजायलासुद्धा ताकद उरली नव्हती.

"गुरुजी, माझं नाव लिहा," मी म्हटलं. "तुमच्यासोबत एवढं हळू पळायले मले थोडी प्रॅक्टिस लागन, पण जमून जाईन."